पान्हा मायेचा आणि सुईचा

आश्विन वद्य द्वादशीस, म्हणजे वसुबारसेस, आपल्या घरांतून सवत्स धेनूची पूजा होते. त्या दिवशी सुवासिनी गाईचे दूध, दही, तूप वर्ज्य करतात. वर्षातून एक दिवस तरी वासराच्या वाट्याचे वासरासच राहू द्यावे, हा त्या व्रताचा आशय समजण्यास पोथी उघडावी लागत नाही. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत तर या व्रतास विशेषच अर्थ आहे. लातूरच्या देवणी तालुक्याने आपले नाव एका गोवंशास दिले आणि नांदेडच्या कंधारने दुसऱ्यास. पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांची देवणी व तांबड्या अंगाची लाल कंधारी ही दोन्ही जनावरे माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत दिमाखाने उभी राहतात आणि तेथे त्यांची पारखही होते.

परंतु अलीकडे या पूजेच्या ताटाभोवतीच एक शंका घुटमळू लागली आहे. शहरातील घरी येणारे दूध कोणत्या गोठ्यातून येते हे आता कोणास ठाऊक नसते. दूधवाले म्हशीस इंजेक्शन टोचून दूध काढतात, ते औषध दुधात उतरते आणि त्यामुळे आपल्या मुली वयाआधीच मोठ्या होतात, असे माजघरात बोलले जाते. कोठे सासूबाई नातीचे दूध बंद करतात, तर कोठे डॉक्टरीण सूनबाई त्यास हसतात आणि दोघींत अबोला येतो. ज्या द्रव्यामुळे हा वाद होतो, त्याचे नाव ऑक्सिटोसिन. या महिन्यात त्याचीच विचारणा करावी असे आम्ही योजिले आहे. कारण आमच्या मते या वादात दोन्ही पक्षांचे काही खरे आहे आणि जे सर्वांत खरे आहे ते दोघांच्याही नजरेतून सुटले आहे.

प्रथम शब्द पाहू. मराठीतील ‘पान्हा’ हा संस्कृतातील ‘प्रस्नव’ या शब्दापासून प्राकृताच्या वाटेने आला. प्रस्नव म्हणजे पाझरणे. आणि ज्या मायेमुळे हा पाझर फुटतो तिला आपण वात्सल्य म्हणतो; त्या शब्दाच्या पोटात ‘वत्स’, म्हणजे प्रत्यक्ष वासरूच बसले आहे. आपल्या भाषेने आईच्या प्रेमाचे नाव गोठ्यातून घेतले. गाय वासरास पाहून पान्हवते आणि परका माणूस आला की पान्हा चोरते, हे शेतकऱ्यास शास्त्राने शिकवावे लागले नाही.

शास्त्राने एवढेच सांगितले की, हे घडते कसे. कासेत दूध आधीच तयार झालेले असते; पण त्यातील बराचसा भाग असंख्य सूक्ष्म पिशव्यांत अडकून राहतो, सडापर्यंत पोहोचत नाही. म्हशीच्या बाबतीत तर बहुतेक सर्वच दूध असे वर अडून असते. वासराने सडास तोंड लावले की तेथील मज्जातंतू मेंदूस वर्दी देतात. मेंदूच्या तळाशी हरभऱ्याएवढी एक ग्रंथी लोंबते. तिच्या मागील भागातून एक द्रव्य रक्तात सुटते. ते कासेत पोहोचले म्हणजे त्या पिशव्यांभोवतीचे स्नायूतंतू आवळतात आणि दूध खाली उतरते. हे सर्व मिनिट-दोन मिनिटांत होते. जनावर भ्याले, त्यास मारले, गोठ्यात गोंगाट झाला, तर ते द्रव्य सुटतच नाही. पान्हा चोरणे म्हणतात ते हेच.

या ग्रंथीस मराठी शास्त्रग्रंथांतून पीयूषिका म्हणतात. ‘पीयूष’ याचा अमृत हा अर्थ सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु नुकत्याच व्यालेल्या गाईचे पहिले दूध, म्हणजे आपला चीक, हाही त्या शब्दाचा जुना अर्थ आहे, आणि अमरकोशात तो नोंदलेला आहे. नाव योजणाऱ्याच्या मनात हा दुसरा अर्थ असो वा नसो, ते नाव या ग्रंथीस इतके शोभते की त्याहून योग्य सापडणे कठीण.

या द्रव्याचा शोध मात्र गोठ्यात लागला नाही, तर प्रसूतीच्या संदर्भात लागला. १९०६ साली इंग्लंडात हेन्री डेल या शास्त्रज्ञास असे आढळले की, बैलाच्या पीयूषिकेचा अर्क मांजरीस दिला असता तिचे गर्भाशय आकुंचन पावते. तीन वर्षांनी ब्लेअर-बेल यांनी त्या अर्काचा उपयोग बाळंतिणींवर केला. १९१० साली ऑट व स्कॉट यांनी दाखविले की, याच अर्काने दूधही उतरते. म्हणजे बालकास जगात आणणे आणि आल्यावर त्यास पाजणे, या दोन्ही कामांस निसर्गाने एकच दूत नेमला होता. त्याचे ऑक्सिटोसिन हे नाव ग्रीक भाषेतील असून त्याचा अर्थ सुलभ व शीघ्र प्रसूती असा होतो.

त्या काळी हे औषध खाटिकखान्यातील जनावरांच्या ग्रंथींपासून काढीत. त्यात रक्तदाब वाढविणारे दुसरेही द्रव्य मिसळलेले असे. त्यामुळे कोणत्या कुपीची शक्ती किती याचा भरवसा नसे. १९२८ साली अमेरिकेत ऑलिव्हर कॅम यांनी ही दोन द्रव्ये वेगळी केली. पुढे न्यूयॉर्कमधील कॉर्नेल वैद्यक महाविद्यालयात व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी अनेक वर्षे खपून ऑक्सिटोसिनचा घटक न् घटक उलगडला. ते नऊ अमिनो आम्लांची एक छोटीशी माळ निघाले. पहिला आणि सहावा मणी गंधकाच्या दुव्याने एकमेकांस जोडलेले असतात, त्यामुळे सहा मण्यांचे एक कडे होते व उरलेल्या तीन मण्यांचे शेपूट त्यास लोंबते. अशा माळेस पेप्टाइड म्हणतात. १९५३ साली द्यू विन्यो यांनी हे नऊ मणी प्रयोगशाळेत एकामागून एक गुंफून तीच माळ स्वतः तयार केली आणि कृत्रिम व नैसर्गिक द्रव्य यांची तुलना करून पाहिली. दोन्हींचा गुण एकच ठरला. पेप्टाइड वर्गातील संप्रेरक मनुष्याने प्रथमच हाताने घडविले होते. १९५५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या कार्यास मिळाले.

या ‘कृत्रिम’ शब्दाने आपल्याकडे उगाच भुवया उंचावतात. येथे कृत्रिम याचा अर्थ खोटे असा नव्हे. रेणू तोच, गुण तोच. फरक इतकाच की त्यासाठी आता एकाही जनावराची मान कापावी लागत नाही. अहिंसेस मान देणाऱ्या घरांनी खरे म्हणजे या कृत्रिमतेस नमस्कारच करावयास हवा. संशोधनाच्या दृष्टीने तर हिचा लाभ फार मोठा झाला. व्याकरण शिकविताना आपण एक प्रत्यय बदलून अर्थ कसा पालटतो ते विद्यार्थ्यास दाखवितो; त्याप्रमाणे शास्त्रज्ञ या माळेतील एखादा मणी बदलून काय होते ते पाहू लागले. निसर्गाने हा प्रयोग आधीच केला होता. शरीरातील पाणी राखणारे व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक याच नऊ मण्यांचे, पण त्यातील दोन वेगळे. तेवढ्याने काम सर्वस्वी भिन्न झाले. मनुष्याने असेच बदल करून अकाली कळा थांबविणारे अटोसिबन आणि दीर्घकाळ टिकणारे कार्बेटोसिन अशी नवी औषधे घडविली.

इतकी पूर्वपीठिका झाल्यावर आता गोठ्याकडे वळू. पान्ह्यासाठी वासरू वा पारडू जिवंत हवे आणि त्यास चार धारा पाजावयास हव्या. ज्यास दुधाचा प्रत्येक थेंब विकावयाचा असतो, त्यास हे चार धारांचे दान जड वाटते. म्हशीचे नर पारडू तर त्याच्या हिशेबी निव्वळ खर्च. ते उपाशी राहून मेले तरी हळहळ नाही. पूर्वी वासरू मेल्यास त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढे ठेवीत. ती बिचारी त्यास चाटे आणि पान्हवे. यात फसवणूक होती. तरी फसवावे लागे ते तिच्या मायेस. सुई टोचणाऱ्यास मायेची गरजच उरली नाही. पारडू नसले तरी चालते, जनावर भ्यालेले असले तरी चालते, दोन मिनिटांत दूध खाली येते.

ही क्रूरता नवी आहे असेही समजू नये. पूर्वी शहरांतील गोठ्यांतून ‘फुंका’ नावाचा अघोर प्रकार चाले. गाईच्या जननमार्गात नळीने हवा फुंकून दूध उतरविले जाई. तो उपाय का लागू पडे, हे शरीरशास्त्रावरून कळते. त्या मार्गास ताण बसला की मेंदूस प्रसूतीचीच वर्दी जाते आणि पीयूषिकेतून हेच द्रव्य सुटते. फुंका आणि सुई यांत साधन निराळे, चोरी एकच. या फुंक्याची हकीकत कळल्यावर महात्मा गांधींस दुधाचा तिटकारा आला आणि त्यांनी दुधाचा त्याग केला. १९१९ च्या आरंभी मुंबईत ते अत्यंत अशक्त होऊन पडले असता, तुमची शपथ गाई-म्हशींच्या दुधाची, बकरीच्या दुधास हरकत कोणती, अशी वाट कस्तुरबांनी काढून दिली. गांधीजींनी ती स्वीकारली, पण व्रताचा आत्मा आपण मोडला असे शल्य त्यांच्या मनात राहिले, हे त्यांच्या आत्मकथेवरून दिसते.

स्वतंत्र भारताने १९६० साली प्राण्यांस क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा जो कायदा केला, त्याच्या बाराव्या कलमाने फुंका आणि दूध वाढविण्यासाठी जनावरास अपाय करणारे टोचणे या दोहोंस गुन्हा ठरविले आहे. औषध म्हणूनही ऑक्सिटोसिन डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाही. तरी गोठ्यांतून लेबल नसलेल्या बाटल्या फिरतात. रोज दोन वेळा टोचलेले जनावर हळूहळू सुईचेच मिंधे होते. कास त्या द्रव्यास पुरेसा प्रतिसाद देईनाशी होते आणि सुईवाचून सर्व दूध उतरत नाही. मळक्या सुईने गाठी येतात, गळवे होतात. शिवाय या औषधाने दूध उतरते. चारा-पेंड न देता ते निर्माण होत नाही. ज्यास अधिक दूध हवे त्याने दाणावैरण सुधारावी, हा आजोबांचा सल्ला आजही अबाधित आहे.

आता नातीच्या दुधाचा प्रश्न. पेप्टाइड ही प्रथिनांच्याच जातीची वस्तू. पोटात गेल्यावर डाळीतील प्रथिनांचे पचन होते तसेच हिचेही होते; आतड्यांतील पाचक रस ती माळ तोडून टाकतात. म्हणूनच बाळंतिणीस ऑक्सिटोसिन गोळीच्या रूपाने देता येत नाही, टोचावेच लागते. रक्तातही ते काही मिनिटांतच नष्ट होते. तेव्हा दुधातून पोटात गेलेल्या लेशमात्र ऑक्सिटोसिनमुळे मुली वयाआधी न्हात्या होतात, या समजुतीस शास्त्राचा आधार नाही. लवकर वयात येण्याचा संबंध बालपणीच्या अतिस्थूलतेशी आढळला आहे. त्या दृष्टीने नातीच्या हातातील दुधाच्या पेल्यापेक्षा तिच्या खाऊच्या डब्याकडे व बंद पडलेल्या खेळाकडे लक्ष देणे अधिक फलदायी होईल. मात्र बिनलेबलाच्या बाटलीत ऑक्सिटोसिनखेरीज आणखी काय आहे याची हमी कोणीच देऊ शकत नाही, हे सूनबाईंनीही ध्यानी धरावे. असो. आम्हांस खंत वाटते ती निराळ्याच गोष्टीची. हे दूध आमच्या मुलीस बाधेल काय, असे सर्वजण विचारतात. ते कोणाच्या तोंडचे काढून आणले, असे विचारणारा क्वचितच भेटतो.

परंतु या क्रूरतेचा संताप किती आंधळा होऊ शकतो, याचेही उदाहरण अलीकडेच घडले. २०१८ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने, गोठ्यांतील गैरवापर थांबविण्याच्या हेतूने, देशात विकावयाचे ऑक्सिटोसिन बनविण्याची मोकळीक खाजगी कारखान्यांकडून काढून घेतली व ते काम कर्नाटकातील एकाच सरकारी कंपनीकडे सोपविण्याचे ठरविले. डॉक्टरांत चिंता पसरली. एका कारखान्यावर सबंध देशाच्या बाळंतिणी अवलंबून कशा राहणार? प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि १४ डिसेंबर २०१८ रोजी न्यायालयाने, या बंदीस शास्त्रीय आधार नाही व स्त्रियांवरील परिणामांचा विचार झालेला नाही, असे म्हणून ती रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली हा विषय मोठ्या पीठाकडे सोपविला.

बाळंतिणींचा कैवार घेण्याचे कारण काय, ते मोकळेपणाने सांगणे जरूर आहे. मूल जन्मले, वार पडली, म्हणजे सारे पार पडले असे घरच्यांस वाटते. पण वार ज्या ठिकाणी चिकटलेली असते तेथील रक्तवाहिन्या उघड्या राहिलेल्या असतात. गर्भाशय घट्ट आवळले तरच त्या मिटतात. ते सैल राहिले तर अशा रक्तस्रावाने धडधाकट स्त्रीही दोन तासांच्या आत जाऊ शकते. ‘बाळंतपणात गेली’ हे दोन शब्द आपल्या जुन्या वंशावळींतून किती ठिकाणी लिहिलेले सापडतात! ज्या घरांत सवतीच्या मुलांस वाढविण्याच्या कथा आहेत, त्यांतील कित्येकींच्या मुळाशी हेच रक्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा आज स्पष्ट उपदेश असा की, प्रत्येक प्रसूतीत मूल जन्मताच आईस १० युनिट ऑक्सिटोसिन द्यावे. गोठ्यात जे पाप आहे तेच येथे पुण्य आहे; आणि रेणू मात्र अक्षरशः तोच.

आमच्या मराठवाड्यात यास एक अडचण आहे. हे औषध २ ते ८ अंश सेल्सिअस इतक्या थंडाव्यात ठेवावे लागते. वैशाखात नांदेड-लातूरकडे पारा ४२ अंशांपलीकडे जातो आणि ऐन दुपारी वीजही जाते. खेड्यातील आरोग्य केंद्राचे शीतकपाट बंद पडले तर कुपी दिसावयास तशीच, पण तिच्यातील शक्ती ओसरलेली. गरीब देशांतून तपासलेल्या नमुन्यांपैकी अनेक असे हीनबल निघाले आहेत. वर सांगितलेल्या मणीबदलाच्या संशोधनाचे मोल येथे कळते. उष्णतेत टिकणाऱ्या कार्बेटोसिनची परीक्षा भारतासह दहा देशांतील सुमारे ३०,००० स्त्रियांवर झाली व २०१८ साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतरचा ५०० मिलिलिटरहून अधिक रक्तस्राव रोखण्यात ते ऑक्सिटोसिनहून उणे ठरले नाही. आणि ३० अंशांच्या हवेत ते बर्फावाचून तीन वर्षे टिकते. असे औषध प्रत्येक तांड्यावर, प्रत्येक वस्तीपर्यंत पोहोचणे ही वादाहून निकडीची गोष्ट आहे.

प्रसूतिगृहातही सुईचा दुरुपयोग होतो, हे सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. मूल होण्यापूर्वी कळा वाढाव्यात म्हणून हेच औषध मोजमापाशिवाय टोचले, तर बाळाचा श्वास कोंडतो, प्रसंगी गर्भाशय फाटते. ‘लवकर सोडवा’ असा तगादा घरच्या मंडळींनी अर्धवट जाणत्याकडे कधीही लावू नये. आणि जे ऑक्सिटोसिन कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही, ते बाळ स्वतः आपल्या ओठांनी आईकडून मागून घेते. जन्मानंतर पहिल्या तासाच्या आत त्यास छातीशी धरावे. दूध उतरते आणि गर्भाशयही आवळते. चीक टाकून देऊन मध-गुळाचे पाणी चाटविण्याची काही घरांतील रीत आता सोडून द्यावी. ज्यास आपल्या पूर्वजांनी पीयूष म्हटले ते मोरीत ओतणे हा कोणत्या शास्त्रास धरून आचार?

राहिला रोजच्या दुधाचा प्रश्न. ज्यांस जमेल त्यांनी आपले दूध कोणत्या गोठ्यातून येते हे एकदा स्वतः जाऊन पाहावे. वासरे-पारडी जिवंत व भरल्या अंगाची आहेत काय, धारेच्या वेळी ती आईजवळ सोडतात काय, एवढे पाहिले की पुरे. बाटली शोधण्याची गरज पडत नाही. चार धारा वासरास सोडून उरलेले विकणाऱ्यास दोन पैसे अधिक पडत असतील तर ते आनंदाने द्यावे. ज्यांच्या घरी दुभते आहे त्यांनी ठरल्या वेळी, ठरल्या हाताने, कास कोमट पाण्याने धुऊन, पुढे आंबोण ठेवून धार काढावी. निसर्गाची सुई एवढ्याने चालते.

रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गात नंदिनी प्रसन्न होऊन दिलीप राजास आपले दूध पिण्यास सांगते. राजा पुत्रासाठी आतुर, वर समोर उभा, आणि स्वतः धेनूचीच आज्ञा. तरी तो म्हणतो की, वासराने पिऊन व होमाचे काम भागून जे उरेल तेच, तेही गुरूंच्या अनुज्ञेने, घेण्याची माझी इच्छा आहे. विद्यार्थ्यांस हा श्लोक आम्ही अन्वयासाठी पुष्कळदा सोडविण्यास दिला आहे. त्याचा अर्थ मात्र व्याकरणाच्या तासापेक्षा दुधाच्या हिशेबाच्या वहीत अधिक लागू पडतो. नऊ मण्यांची ती माळ आता मनुष्याच्या हाती आली आहे आणि ती परत जाणार नाही. ती बाळंतिणीच्या उशाशी असावी, गोठ्याच्या खुंटीस नसावी. यंदाच्या वसुबारसेस गाईच्या कपाळी कुंकू लावताना तिच्या वासराच्या बरगड्यांवरूनही एकदा हात फिरवून पाहावा, इतकीच आमची वाचकभगिनींस विनंती आहे.